काट्यावरचा विचारणारा चौकोन

हट्टा गावच्या साधनाला कोणी विचारलं, की बाई तू काम काय करतेस, तर ती आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायची. सांगायला वेळ लागायचा, आणि सगळं सांगून झालं की समोरचं माणूस म्हणायचं, "ते बराबर हाये, पण करतीस काय?"

काम तसं अवघड नव्हतं. ट्रॅक्टर-ट्रक तोलायच्या भुईकाट्यावर आता कंप्युटर असतो. गाडी लोखंडी पत्र्यावर चढली की वजन पडद्यावर येतं आणि पावती निघते. ते सगळं चालवणारा प्रोग्राम नांदेडच्या एका कंपनीतली माणसं करत. पण अक्षर मोठं हवं का बारीक, पावत्या दोन हव्यात का तीन, वजन किलोत दाखवायचं का क्विंटलात, हे ज्याचं त्याला ठरवता यावं म्हणून प्रोग्रामात एक जागा असते. तिथं दाबलं की पडद्यावर एक चौकोन येतो. लोक त्याला सेटिंग म्हणतात. साधना घरी बसून तेवढा चौकोन करायची.

तिच्या सासूबाईंनी, आशाबाईंनी, हे एका वाक्यात बसवलं होतं. "चौकोन काढती ती. आमी जलमभर दारात रांगोळीचे काढले, आमाला कधी नांदेडहून फोन आला न्हाई."

साधना हसून सोडून द्यायची. चौदा वर्षं झाली होती लग्नाला. ज्याला जसं पाहिजे तसं बदलता यावं म्हणून परक्या काट्यांसाठी ती दिवसभर खपायची, आणि स्वयंपाकघरात मिठाचा डबा वरच्या फळीवर होता तो चौदा वर्षं वरच्याच फळीवर होता. मीठ घ्यायला ती दर वेळी टाचा उंचवायची. तिला त्याची सवय झाली होती, आणि डब्याला तिची.

पहिला चौकोन तिनं केला तो फार जीव लावून केला. कोणाला काही कमी पडू नये म्हणून त्यात सहा कप्पे आणि एक्केचाळीस गोष्टी घातल्या. लेकीच्या रुखवतात मांडावं तसं मांडलं. आणि रुखवताचं होतं तेच झालं, बघायला सगळे आले, वापरायचं काय ते कोणाला कळेना. माणूस अक्षर मोठं करायला म्हणून आत शिरायचा आणि भलतंच करून बाहेर यायचा. एका काट्यावर पावत्या आडव्या निघायला लागल्या. दुसऱ्या काट्यावर वजन नुसत्या पुऱ्या टनांत यायला लागलं, त्यामुळं भरल्या बैलगाडीचं वजन शून्य दिसलं. गाडीवाला म्हणाला, "मंग बैल काय वारा ओढून राहिले का?"

नांदेडच्या साहेबांचा फोन आला. "साधनाताई, तुमच्या चौकोनापायी रोजचे पंधरा फोन येतात. आता एकच करू. वसमतच्या अलीकडं उकंडरावांचा काटा आहे. नवा चौकोन करून तिथं आठ दिवस लावा. आठव्या दिवशी मी उकंडरावांना विचारणार. ते बरं म्हणाले तर हे काम तुमचं. नाही म्हणाले, तर चौकोन पुण्याची पोरं करतील आणि तुम्ही फोनवर बसा."

फोनवर बसणं काय असतं ते साधनाला ठाऊक होतं. सुरुवातीचं एक वर्ष तिनं तेच केलं होतं. कानाला फोन लावून दिवसभर म्हणायचं, "बंद करून परत चालू करा." दुसऱ्याच्या चुलीवरचं उतू गेलेलं लांबून पुसायचं काम ते. चौकोन साधा असला तरी तिचा स्वतःचा होता. तिनं मनाशी म्हटलं, फोनवर काही आता जायचं नाही.

मग तिनं निवडायला बसल्यासारखं एक-एक काढून टाकलं. एक्केचाळीसच्या नऊ गोष्टी केल्या. अक्षरं ठसठशीत. शब्द आपल्या रोजच्यातले. "पावत्या किती काढायच्या?" "वजन कशात दाखवायचं?" आणि शेवटाला रीत म्हणून, कोणाच्या हातून चुकून काही बदलू नये म्हणून, चौकोन अदबीनं विचारणार, "हे बदल कायम करायचे का? होय / नाही." उत्तर दिल्याशिवाय पुढचं वजनही होणार नाही. अर्ध्यात सोडून उठायची सोयच ठेवली नाही.

घरी तिनं नवऱ्याला, विश्वंभरला, बसवून बघितलं. त्यानं दोनाच्या तीन पावत्या केल्या, होय दाबलं आणि चहा मागितला. शेजारच्या शिलाला बसवलं. तिनं तर प्रश्न न वाचताच होय दाबलं. साधनाला वाटलं, जमलं! तिच्या एवढं ध्यानात आलं नाही, की दुसऱ्याच्या काट्यावर कोणीही पटकन होय म्हणतं.

सोमवारी तिनं उकंडरावांच्या काट्यावर चौकोन लावून दिला. उकंडराव म्हणजे सत्तरीचे, धोतर-टोपीतले, कानानं जरा कमी. काट्यावर बसायचे ते कोंडीबा. त्याच खुर्चीवर बावीस वर्षं. कोंडीबांनी मागून-पुढून पडदा बघितला आणि म्हणाले, "छान हाये ताई. देखणा हाये." हळदीच्या हंगामाचे दिवस होते. वसमतच्या बाजाराकडं निघालेले ट्रॅक्टर एकामागं एक येत होते आणि कोंडीबांचा पंचासुद्धा पिवळा झाला होता.

बुधवारी सकाळी अकराला तिला फोन आला. कोंडीबांचा आवाज बारीक झालेला. "ताई, काटा अडला. गाड्या रोडपस्तोर गेल्या."

"बिघडला का काका?"

"बिघडला न्हाई. इचारून राहिला."

साधना मिळेल त्या एसटीनं वसमतला निघाली. काट्याच्या अलीकडंच गाडी थांबली, कारण पुढं रस्ता ट्रॅक्टरनी भरला होता. हळदीच्या पोत्यांवर माणसं आडवी झाली होती. ती चालत काट्याच्या खोलीत गेली, तर कोंडीबा पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. आणि पडद्यावर तिचाच प्रश्न. "हे बदल कायम करायचे का?" सकाळी नऊपासून तो तिथंच उभा होता.

झालं होतं असं. एका व्यापाऱ्याला तिसरी पावती पाहिजे होती. कोंडीबांनी चौकोन उघडला, दोनाचे तीन केले. इथवर त्यांना काहीच जड गेलं नव्हतं. मग चौकोनानं विचारलं.

"मंग तुमी होय म्हणायचं होतं ना, काका," साधना म्हणाली.

"म्या?" कोंडीबांनी छातीला हात लावला. "ताई, दोनाचे तीन म्या केले, ते ठीक हाये. पण यानं येवढं उभं करून इचारलं, की कायम करू का. आता कायमचं म्या कसं सांगू? काटा मालकाचा. मालक पुसेगावला, नातवाच्या सोयरिकीला."

"त्यांना फोन?"

"केला की. मालक म्हणाले, आल्यावर बघू."

"कधी येणार?"

"सोयरीक हाये. चार रोज तं लागतीलच."

मग कोंडीबांनी कोणाकोणाला विचारलं तेही सांगितलं. मालकिणीला विचारलं, ती म्हणाली पुतण्याला विचारा. पुतण्या म्हणाला, "काकाचा काटा, मी मधी पडलो तर उद्या म्हणतील पोरगं वाटणी मागून राहिलं." व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "मी पावती मागितली, कंप्युटरशी मला भांडण लावू नका."

"बरं मंग नाही तरी दाबायचं."

"न्हाई म्हणलं तं व्यापारी तुटतो. व्हय म्हणलं तं मालक. म्हणून बसलो गप."

दारातून तांड्यावरचा ट्रॅक्टरवाला भीमसिंग आत डोकावला. "ओ काका, काय इचारून राहिला तो?"

"व्हय का न्हाई."

"येवढंच? मंग सांगून टाका की व्हय!"

"ये, तूच दाब."

भीमसिंग दोन पावलं मागं सरला. "माझं नाव नका घेऊ मधी. मला रोज याच काट्यावरून जायचं हाये."

साधनानं माऊसवर हात ठेवला. एवढं तर काम होतं, एक बोट दाबायचं. चौकोन तिचा, प्रश्न तिनंच लिहिलेला, आणि उत्तरानं फार तर एक कागद जास्त निघणार होता. पण बोट काही खाली जाईना. मालक म्हणालेत आल्यावर बघू. आपण कोण? सून माणूस, त्यातही परगावची. उद्या मालकांनी साहेबांना सांगितलं, की तुमच्या बाईनं माझ्या शब्दावर पाय दिला, तर? तिच्या पाठीमागं आता दहा-बारा माणसं उभी होती, आणि सगळ्यांची नजर तिच्या बोटावर.

बाहेर कोणीतरी हॉर्न दाबून धरला. साधनानं डोळे मिटले आणि होय दाबलं.

आभाळ पडलं नाही. तीन पावत्या निघाल्या. कोंडीबा उठून उभे राहिले आणि दारातल्या माणसांना म्हणाले, "बघा समदे. बाईनं केलं. म्या न्हाई केलं."

परतीच्या एसटीत साधना स्वतःवरच चिडली होती. तिनं मान म्हणून विचारलं होतं. पण आपल्याकडं विचारलं की माणूस उत्तर देत नाही, मोठं माणूस शोधायला निघतो. बरं, तिला हे ठाऊक नव्हतं असं कुठं होतं? ती याच घरात तर राहत होती.

घरी आली तर दारातला माठ जागेवर नव्हता. तो तुळशीकडच्या कोपऱ्यात गेला होता. तिनं ओळखलं, सासूबाईंचं काम. आशाबाईंची पद्धतच ती होती. त्या कोणाला विचारायच्या नाहीत आणि सांगायच्याही नाहीत. वस्तू हलवायची आणि तीन दिवस बघायचं. कोणी काही बोललं नाही, तर वस्तूची जागा ती. कोणी कुरकुर केली, तर गुपचूप होती तिथं ठेवायची.

विश्वंभर पाणी प्यायला आला, दारात चाचपडला आणि म्हणाला, "माठ कोणी हलवला?"

"कोणी हलवला?" आशाबाई म्हणाल्या. "तिथं ऊन येतंय. राहू दे, न्हाई पटला तं परत ठेवू."

विश्वंभर पाणी प्यायला. पाणी गार होतं. तो गप निघून गेला.

साधना उंबऱ्यात उभी राहून त्या माठाकडं बघतच राहिली. "काय गं," आशाबाई म्हणाल्या, "कधी माठ बघितला न्हाईस का?"

गुरुवार आणि शुक्रवार तिनं दुसरं काही केलं नाही. प्रश्न काढून टाकला. आता काही बदललं की ते तिथल्या तिथं लागू. चौकोनातच उजव्या बाजूला पावतीचं छोटं चित्र ठेवलं. दोनाचे तीन केले की चित्रात तिसरी पावती येऊन बसायची, अक्षर मोठं केलं की डोळ्यांदेखत मोठं व्हायचं. आणि खाली एकच बटण, "होतं तसं करा". ते दाबलं की आधीचं जसंच्या तसं. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, की कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवा. तेवढं मात्र तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नाव लागणार म्हटलं की कोंडीबांचे हात पुन्हा मांडीवर गेले असते.

शनिवारी सकाळी नवा चौकोन काट्यावर लागला. कोंडीबांनी भीतभीत अक्षर मोठं केलं. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी मागं वळून बघितलं, कोणी नव्हतं. मग बारीक केलं. मग परत मोठं. मग "होतं तसं करा". दुपारपर्यंत बावीस वर्षं काट्यावर काढलेला तो गंभीर माणूस खेळण्यासारखं करत बसला होता. दर गाडीमागं ते काहीतरी बदलायचे आणि परत होतं तसं करायचे. गाड्या सटासट निघत होत्या. एकही फोन आला नाही.

रविवारी उकंडराव पुसेगावहून आले. सोयरीक जमली होती, टोपी नवी होती. ते थेट काट्यावर आले, खुर्चीवर बसले आणि कोंडीबांना म्हणाले, "हां. दाखव तो इचारणारा."

कोंडीबांनी बदलून दाखवलं. उकंडराव थांबले. अजून थांबले. "हा इचारत काहून न्हाई?"

साधना तिथंच होती. म्हणाली, "मामा, तो प्रश्न काढला. तुम्हाला तकलीफ नको म्हणून."

"मला कुठं तकलीफ झाली?" उकंडरावांचा आवाज चढला. "अगं पोरी, तिथं बैठक बसली होती. फोन मोठ्या आवाजात, मला कमी ऐकू येतं म्हणून. कोंडीबाचा फोन आला. मालक, कंप्युटर तुमच्या शब्दाबिगर हलत न्हाई. मंग पुतण्याचा. मंग व्यापाऱ्याचा. मंग अजून कोणाकोणाचा. मी दर वेळेला म्हणलं, आल्यावर बघू. समद्या बैठकीनं ऐकलं. पोरीचा आजा म्हणाला, ज्याचं मशीन बी इचारल्याबिगर पुढं जात न्हाई, त्या घरात आमची पोरगी सुखात राहील. तिथंच सुपारी फुटली! आणि तू तोच काढून टाकला?"

रस्त्यावर तीन तास पंधरा-वीस ट्रॅक्टर तापत उभे होते, ते मालकांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगायची ही वेळ नव्हती.

"उद्या तुझा साहेब मला फोन करणार," उकंडराव उठत म्हणाले. "मी खोटं बोलत न्हाई. आधीचा चौकोन माणसात होता. ह्याला रीतभात न्हाई."

म्हणजे झालं. प्रश्न ठेवला तर काटा अडतो आणि काढला तर मालक. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून साधना फोनवरच्या दिवसांची उजळणी करायला लागली. बंद करून परत चालू करा. बंद करून परत चालू करा.

हट्ट्याच्या अलीकडं एका मंगल कार्यालयाचा मांडव लागला. आत वाजंत्री थांबली होती आणि भोंग्यातून भटजी विचारत होते, "पाव्हणे मंडळी, मोठी माणसं, सुरू करायचं का?" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी पहिलं मंगलाष्टक धरलं सुद्धा. साधना सरळ बसली. प्रत्येक लग्नात हे विचारतात. प्रत्येक लग्नात मोठी माणसं मान हलवतात. आणि कोणत्याही लग्नात भटजी त्या मानेसाठी थांबलेले कोणी बघितले नव्हते.

सोमवारी, आठव्या दिवशी, ती रात्री केलेली भर काट्यावर लावायला सकाळच्या पहिल्या एसटीनं हजर. उकंडराव आले, तिनं त्यांना खुर्ची दिली. कोंडीबांनी कंप्युटर चालू केला. पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत आलं, "उकंडराव मालक, काटा सुरू करू का?" खाली एकच बटण, "करा". आत तिनं एवढीच सोय केली होती, की वीस सेकंदांत कोणी दाबलं नाही तर चौकोन आपला आपण निघून जाईल आणि काटा सुरू होईल.

उकंडरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मोठ्यानं वाचलं. दारातल्या ड्रायव्हरांनी ऐकलं का ते वळून बघितलं. मग घसा खाकरून पडद्याला म्हणाले, "हां. कर."

नेमके वीस सेकंद भरले. चौकोन गेला, काटा सुरू झाला.

"बघा!" उकंडराव उभे राहिले. "नुसतं तोंडानं सांगितलं तरी ऐकतो!"

साधनानं कोंडीबांकडं बघितलं. कोंडीबांनी छताकडं बघितलं.

दुपारी साहेबांनी फोन केला तेव्हा उकंडरावांनी तो मोठ्या आवाजातच घेतला. "साहेब, बाईचा चौकोन शाना हाये. कामाच्या वक्ताला गप राहतो, आणि इचारायचं तिथं बराबर इचारतो." संध्याकाळपर्यंत वसमतच्या आणखी चार काटेवाल्यांनी नांदेडला कळवलं होतं, की त्यांना तोच चौकोन पाहिजे, फक्त नाव आपलं. म्हणून साधनाला नऊच्या दहा गोष्टी कराव्या लागल्या. दहावी गोष्ट, "मालकाचं नाव".

दुसऱ्या दिवशी साहेबांनी साधनाला विचारलं. "ताई, सगळ्या काट्यांचे चौकोन आता तुम्हीच करायचे. कायमचं काम. फक्त महिन्यातून दोन दिवस नांदेडला यावं लागेल. होय की नाही ते सांगा."

साधनाच्या तोंडून आलं, "घरी विचारून सांगते."

फोन ठेवला आणि तिचं तिलाच हसू आलं. तरी ती गेली विचारायला. विश्वंभर म्हणाला, "आईला विचार." आशाबाई म्हणाल्या, "मला काय इचारतीस? त्याला इचार." "त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलं." "मंग मामंजी येऊ दे शेतातून." सासरे आले, जेवले आणि म्हणाले, "बघू."

साधनाला अंगणात रांगेनं उभे असलेले ट्रॅक्टर दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं कोणाला काही विचारलं नाही. साहेबांना होय कळवलं. सकाळचा स्वयंपाक करून, झाकून, ती नांदेडच्या एसटीत बसली आणि दिवेलागणीच्या आत परत आली. आशाबाईंनी तिच्या पिशवीकडं बघितलं, पण बोलल्या नाहीत. एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी विश्वंभर म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे," पण ते भाजीबद्दलच होतं.

चौथ्या दिवशी शिला दारात आली. "काय वो काकू, सून कंपनीत कायमची लागली म्हणं? नांदेडला जाऊन आली?"

साधना आत पोळ्या करत होती. तिचा हात थांबला.

"लागली म्हणजे?" आशाबाई सूप आपटत म्हणाल्या. "आमीच लावली. आमच्या घरात इचारल्याबिगर कोणी काय करत न्हाई."

साधनानं तव्यावरची पोळी उलटली. मग हात उंच करून वरच्या फळीवरचा मिठाचा डबा काढला आणि चुलीजवळ, हाताशी, ठेवून दिला.